गंगूताईंचं डोलणं

भजनात डोलणाऱ्या गंगूताईंना बघून नरसी गावातल्या बाया म्हणायच्या, काय ही तल्लीनता! कसली तल्लीनता अन् कसलं काय. बाईला नको त्या जागी खाज सुटली होती. दोन्ही हातांत टाळ, खाजवायचं कशानं? मग बसल्या जागीच इकडून तिकडं सरकायचं. त्यांचं बघून भजनी मंडळातल्या बायाही डोलायच्या, आणि ह्याच डोलण्यावर गेल्या साली हिंगोलीच्या भजन स्पर्धेत पहिला नंबर आला होता.

यंदाची स्पर्धा तोंडावर आली आणि खाज काही केल्या थांबेना. खोबरेल झालं, कडुलिंबाचं पाणी झालं, उलट आगच वाढली. भर मंचावर टाळ टाकून खाजवायची पाळी आली तर, ह्या धास्तीनं ताईंची झोप उडाली. शेवटी बाजाराचं निमित्त काढून त्यांनी कळमनुरी गाठली. डॉक्टर नीलांबरीनं तपासलं, रक्तातली साखरही बघितली, ती बराबर निघाली. ही बुरशी आहे, पुष्कळ बायांना होते, असं तिनं समजावलं. गोळ्या-मलम दिलं, बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही अशी तंबी दिली, घरचे प्रयोग बंद केले. मग विचारलं, आतले कपडे वाळवता कुठं?

ताईंनी खाली बघत सांगून टाकलं. ते कपडे त्यांनी उभ्या जन्मात उन्हाला दाखवले नव्हते. न्हाणीत, नवऱ्याच्या धोतराखाली, अर्धे ओलेच.

"धोतराखाली कशाला लपवता?" डॉक्टर म्हणाली. "ओल बुरशीला आवडते. कपड्यांना ऊन दाखवा."

ऊन म्हणजे गच्ची, आणि समोरच्या गच्चीवर मंडळातलीच कमलबाई. तिच्या नजरेला पडलं की गावात दवंडी पिटायची गरज न्हाई. तरी ताईंनी जिवावर उदार होऊन चिमटे लावले. एक दिवस कमलबाई जिना चढून आलीच. तिनं दोरीकडं बघितलं, मागं कुणी न्हाई हे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मला बी तीच तकलीफ हाय. डॉक्टर कोण?"

कमलबाईला कळलं म्हणजे मंडळाला कळलं. निम्मं मंडळ कळमनुरीला जाऊन आलं. गल्लीतल्या गच्च्या अशा रंगीबेरंगी झाल्या, की ताईंचे यजमान सूर्यकांतराव मान खाली घालूनच घरी येऊ लागले.

स्पर्धेत मंडळ झकास गायलं. सूर जागेवर, बायाही जागेवर. नंबर मात्र दुसरा आला. परीक्षक माईकवर हळहळले, गाणं उत्तम, पण यंदा ताईंचा तो भाव कुठं गेला?

आधीच्या गंगूताई असत्या तर पदरात तोंड लपवलं असतं. ह्या उठल्या आणि त्यांनी माईक ओढून घेतला.

"भाव न्हाई गेला साहेब, खाज गेली."

परीक्षक कागद चाळू लागले. मागून कमलबाईनं डॉक्टरचा पत्ताही सांगून टाकला.