बिनपट्टीचा खटक्या

मी एक जुना स्विच आहे आणि स्वभावाने जरा आडमुठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला पितळेची दांडी आहे. ती वर केली की खट्, खाली केली की खट्. त्यावरून माझे नाव खटक्या पडले. मित्रांनो, नाव काही भारदस्त नाही. पण प्रेमाने ठेवलेले आहे, म्हणून मला ते आवडते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक बाई आमच्या पोटात स्प्रिंगा बसवत असत. माझ्या वाट्याला आलेली स्प्रिंग जरा जास्तच कडक निघाली. तपासनिसाने माझी दांडी ओढून पाहिली, तोंड वाकडे केले आणि काय मनात आले कोण जाणे, मला चांगल्या मालाच्या खोक्यात टाकले. त्या भल्या माणसाचे मी आजही आभार मानतो.

दुकानातून मी एका जीपमध्ये आलो. ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची होती. रस्ता संपतो तिथून त्यांचे काम सुरू होते. डोंगरावरच्या कुरणात मेंढ्या आजारी पडल्या, एखादी घोडी अडली, की त्या जीप काढत आणि दगडधोंड्यांतून, ओढ्यातून वर चढत. जीपच्या टपावर दोन मोठे दिवे होते. ते लावण्या-मालवण्याचे काम माझ्याकडे होते. दिव्यांची सगळी वीज तेव्हा माझ्याच पोटातून जात असे, त्यामुळे प्रवास लांबला की मी चांगलाच तापायचो. मग डॉक्टरीणबाई बोटावर फुंकर घालत म्हणायच्या, "चिडलास होय रे खटक्या?" पण दिवे मी कधी मध्येच विझू दिले नाहीत. "गाडीत सगळं कुरकुरतं, हा तेवढा शब्दाला पक्का आहे," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते ऐकून मला आभाळ ठेंगणे व्हायचे.

मग डॉक्टरीणबाईंचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले आणि माझे ग्रह फिरले.

यजमान ग्रंथपाल होते. माणूस सोन्यासारखा, पण जन्मभर पुस्तके अक्षरांच्या क्रमाने लावलेली. ती सवय आता घरावर उतरली. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी एकसारखे आणले, प्रत्येकावर सुंदर अक्षरातली कागदी पट्टी चिकटवली आणि फळीवर ओळीने मांडले: चहा, पीठ, मीठ, साखर. पहिल्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी घाईत चहात चमचाभर मीठ घातले. "अहो, मीठ साखरेच्या शेजारी कुणी ठेवतं का?" त्यांनी विचारले. यजमान शांतपणे म्हणाले, "अगं, अक्षरक्रमच तसा आहे, त्याला मी काय करू?"

घर झाल्यावर त्यांनी जीप हातात घेतली. त्यांच्या कामाला नावे ठेवायला जागा नव्हती, हे मी मान्य करतो. लशी थंड राहाव्यात म्हणून त्यांनी मागच्या बाजूला छोटा फ्रिज बसवला. त्याची वायर थेट बॅटरीवरून आणली, मध्ये फ्यूज घातला, म्हणजे किल्ली काढली तरी फ्रिज चालू राहावा. प्रत्येक जोड ते हाताने ओढून पाहत. डोंगरातल्या वळणांसाठी त्यांनी मोठा भोंगा लावला आणि चाकात हवा भरायला पंपही आणला. आणि या सगळ्यासाठी समोर चार नवे काळे स्विच बसवले. चारही सपाट, गुळगुळीत, अगदी जुळ्या भावंडांसारखे. खाली पट्ट्या: दिवे, फ्रिज, भोंगा, हवा.

माझी रवानगी जीपच्या मागच्या भागातल्या हत्यारांच्या पेटीत झाली. तिथे स्क्रू आणि गंजलेल्या पान्यांच्या संगतीत मी पडून राहिलो. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मी बिघडलो असतो तर गोष्ट वेगळी होती. पण मी धडधाकट होतो आणि तरीही मला कुणी विचारत नव्हते. माझ्या शेजारी तो फ्रिज सारखा घुंऽ करत असे. आधी मला त्याचा राग यायचा. पुढे त्या आवाजाची सोबत वाटू लागली.

एके दिवशी वरच्या कुरणातून निरोप आला. मेंढ्यांत साथ शिरली होती. कोकरे अजून धड होती, त्यांना लगेच लस टोचली तर वाचणार होती. डॉक्टरीणबाईंनी फ्रिज लशीच्या बाटल्यांनी भरला आणि दोघे निघाले. खिंडीत दाट धुके होते. एका वळणावर समोरून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. डॉक्टरीणबाईंनी समोरून नजर न हटवता भोंग्यासाठी हात लांब केला. जीपला गचका बसला आणि बोट भलत्याच स्विचवर पडले. भोंगा वाजला नाही, म्हणून त्यांनी शेजारचा स्विच दाबला आणि मग तो वाजला. गुरे बाजूला झाली, जीप पुढे गेली.

आणि माझ्या शेजारी फ्रिज गप्प झाला.

दगडांवरून जाणाऱ्या जीपच्या खडखडाटात ते पुढे बसलेल्या कुणालाच कळले नाही. मला मात्र कळले. धुके मागे पडले, ऊन चढले, टप तापू लागला. मी पेटीत आपटून खडखड केले, पण त्या पेटीत सगळेच खडखड करत होते! आत एकेक बाटली गरम होत असेल आणि वर ती कोकरे वाट पाहत असतील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

कुरणात एक म्हातारी मेंढपाळीण कोकरांना कुंपणात घालून उभी होती. "लवकर ये गं बाई," ती म्हणाली, "काल दोन मेंढ्या गेल्या." डॉक्टरीणबाईंनी फ्रिजवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हा बंद आहे!"

झाकण उघडून त्यांनी आतला तापमापक पाहिला. काटा हिरव्या पट्टीच्या अगदी कडेला होता, अजून आत. "चालेल, लस अजून चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण आता थांबायचं नाही. धरा कोकरं!" यजमानांनी आधी धावत जाऊन फ्रिज चालू केला आणि मग बाह्या सरसावल्या. जन्मभर पुस्तके झेललेल्या हातांत कोकरे तडफडत होती, त्यांना लाथा मारत होती, पण त्यांनी एकही सोडले नाही. शेवटच्या कोकराला सुई टोचली तेव्हाही काटा हिरव्यातच होता. म्हातारीने डॉक्टरीणबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. पेटीत पडल्या पडल्या माझ्या जिवात जीव आला.

परत निघण्याआधी यजमानांनी डोळे मिटून त्या चार स्विचांवरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाले, "मीठ आणि साखर."

"कळलं ना?" डॉक्टरीणबाई हसल्या. "मी गाडी चालवताना पट्ट्या वाचत नाही हो, मी चाचपते. माझा खटक्या कुठे टाकलात?"

मित्रांनो, माझे नाव त्या विसरल्या नव्हत्या! यजमानांनी पेटी पालथी केली, मला उचलले आणि सदऱ्याच्या टोकाने पुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चौघांपासून दूर, स्टिअरिंगच्या दुसऱ्या बाजूला एक भोक पाडले आणि मला तिथे बसवून फ्रिजचे काम दिले. माझी दांडी धक्क्याने किंवा कोपर लागून हलत नाही, दोन बोटांनी धरून ओढावी लागते. ज्या कडक स्प्रिंगपायी तपासनिसाने तोंड वाकडे केले, तीच आता लशींची राखण करते. शिवाय यजमानांनी मला रिले नावाची एक छोटी डबी जोडीला दिली. आता मी फक्त हुकूम देतो, विजेचा भार ती वाहते. या वयात मी तापत नाही आणि कुणाला चटकाही देत नाही. आणखी काय हवे?

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. जुनी वस्तू काढून टाकण्याआधी, जो हात ती रोज वापरतो त्याला एकदा विचारत जा. नवे जरूर आणा, मी काही नव्याच्या विरुद्ध नाही. फ्रिज तर आता माझा जिवलग आहे.

काम संपल्यावर यजमानांनी सवयीने पट्टी काढली आणि पेन उघडून विचारले, "याच्याखाली काय लिहू?"

"काही नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो माझ्या हाताला पाठ आहे."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले, मग बायकोकडे पाहिले आणि पट्टी खिशात ठेवली. त्या घरात आता सुईदोऱ्याच्या डबीपासून छत्रीपर्यंत सगळ्यांवर पट्ट्या आहेत. मी एकटाच बिनपट्टीचा आहे.