मिनिटाला पासष्ट ठोके

बाबांचा आवाज ताईच्या लॅपटॉपवर एक आणि धाकट्याच्या कॉम्प्युटरवर दुसराच. तिच्याकडे बारीक, चटपटीत. त्याच्याकडे जड, रेंगाळणारा. फाइल तीच, दोन मिनिटांची. ती वाजवणारा सी भाषेतला प्रोग्रॅमही तोच, ताईनं विसाव्या वर्षी स्वतः लिहिलेला.

हा गोंधळ निस्तरायला ती भावाकडे आली होती. नाचता येईना अंगण वाकडं, तसा तिनं आधी त्याच्या कॉम्प्युटरला दोष दिला.

"डबडं झालंय तुझं. बाबा असे बोलायचे का कधी?"

"असेच बोलायचे. तू विसरलीस."

हे तिला झोंबलं. बाबा गेल्यापासूनची चौदा वर्षं, घर बदललं, नोकरी बदलली, तरी ती हाच आवाज ऐकत आली होती. विसरेल कशी?

दुपारभर तिनं आपलाच कोड ओळ न् ओळ वाचला आणि चूक दिसली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. सेकंदाला आवाजाचे किती तुकडे वाजवायचे, हा आकडा तिनं लिहिलाच नव्हता. प्रोग्रॅम तो ज्या त्या कॉम्प्युटरला विचारायचा. धाकट्याचा म्हणे चव्वेचाळीस हजार शंभर, तिचा म्हणे अठ्ठेचाळीस हजार. ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे बाबा घाईत. आता आकडा कायमचा लिहायचा, म्हणजे एकच आवाज उरणार. पण कुठला? रेकॉर्डिंग केलेला कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला होता.

"मागचं घड्याळ ऐक," धाकटा म्हणाला.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि रेकॉर्डिंग दुकानातच झालं होतं. भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं, सेकंदाला एक ठोका. ते चुकलं असतं तर बाबांना घास गेला नसता. ताईला सगळं दुकान आठवलं: तेलाचा वास, डोळ्याला लावलेलं भिंग, एखादी स्प्रिंग उडाली की तिघांनी जमिनीवर रांगत घेतलेला शोध. किती हसायचे तेव्हा.

दोघं मोजायला बसले. धाकट्याकडे मिनिटाला बरोबर साठ. ताईकडे पासष्ट. तिनं पुन्हा मोजले. पासष्टच.

तिनं निमूटपणे धाकट्याचा आकडा लिहिला आणि आपल्या लॅपटॉपवर लावलं.

"किल्ली देताना," बाबा म्हणाले, थांबले, "घाई करायची नाही."

मधला श्वास तिनं शेकडो वेळा ऐकला होता. तो इतका ओढून घेतलेला आहे, हे आज कळलं.

"तेव्हाच आजारी होते का रे ते?"

धाकट्यानं मान खाली घातली. "त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी शिकायला निघणार होतीस. मला म्हणाले, ताईला बोलू नकोस, ती जायचीच नाही."

ताईनं फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. रेकॉर्डिंगच्या दिवशी माइक धरून तीच म्हणाली होती, "बाबा, आटपा ना लवकर, डिस्क भरत आलीय."