वटवलास का?

मोठीचं चष्म्यांचं दुकान होतं. काउंटरखालच्या खणात एक जुनी राखाडी डबी असायची, पण तिच्यात चष्मा नव्हता. धाकट्या बहिणीने पाठवलेला डिमांड ड्राफ्ट होता, घड्या घालून घालून नॅपकिनसारखा मऊ झालेला.

धाकटी नर्स. तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला मोठीने पैसे दिले होते. पुढे कशावरून तरी दोघींचं वाजलं आणि धाकटीने रात्रपाळ्या करून सगळी रक्कम एका ड्राफ्टने धाडली. सोबत चिठ्ठी : 'हिशेब मिटला.'

मोठीला ते भलतंच झोंबलं. लहानपणी हिची वेणी घातली, हिच्यासाठी मार खाल्ला, ते सगळं आता बँक मिटवणार? तिने ड्राफ्ट डबीत घातला आणि झाकण टक्‌ करून लावलं.

तेव्हापासून दर वाढदिवसाला धाकटीचा फोन. शुभेच्छा नाहीत, तब्येतीची चौकशी नाही.

"वटवलास का?"

"नाही."

"तुझ्या हट्टाला औषध नाही, ताई."

"आणि तुझ्या नाकाला आहे?"

संपला फोन. वर्षभरात बहिणींचं बोलणं ते एवढंच. पण त्या दिवशी मोठी सकाळपासून फोन उशाशी ठेवल्यासारखा जवळ ठेवायची आणि गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लावायची.

यंदा मध्येच सरकार उपटलं. न वटलेल्या ड्राफ्टचे पैसे बँकेने सरकारकडे सोपवले आहेत, महिनाअखेर दावा केला नाही तर ते कायमचे सरकारजमा होतील, असं पत्र आलं. मोठीने चष्मा बदलून पुन्हा वाचलं. मजकूर तोच.

दावा करावा, तर हिशेब मिटला आणि फोनही मिटला. न करावा, तर धाकटीच्या रात्रपाळ्या सरकारच्या घशात. वर अट अशी, की ज्याने ड्राफ्ट काढला त्याचीही समक्ष सही हवी.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मोठीने आपणहून फोन लावला. "सही करायला ये," एवढंच म्हणाली आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून दिला.

धाकटी आली. केस पिकलेले, नाक तेच. दोघी सरकारी कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"पैसे कोणाचे?" कारकुनाने विचारलं.

"हिचे," दोघी एकदम म्हणाल्या.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "बाई, इथे रोज भांडणं होतात. पण माझे-माझे अशी होतात. तुम्हा दोघींनाही नको असतील तर राहू द्यात, सरकार घेईल."

"सरकार कोण लागून गेलं?" धाकटी कडाडली. "रात्र रात्र मी जागले!"

"आणि मुळात दिले होते मी!" मोठीनेही आवाज चढवला. "आमच्या दोघींच्या मध्ये पडणारे तुम्ही कोण?"

बिचाऱ्या कारकुनाने मुकाट्याने दोघींच्या सह्या घेतल्या. जिना उतरताना मोठीचा पाय अडखळला, तर धाकटीने दंड धरला आणि रस्ता येईपर्यंत सोडला नाही. फाटकाशी एक डावीकडे गेली, एक उजवीकडे.

काही दिवसांनी मोठीच्या नावाचा सरकारी चेक आला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. आता वाढदिवसाला फोन कशाला येईल? शेजारच्या बँकेचं दार उघडंच होतं. ती तिथवर गेली, पायपुसण्यावर उभी राहिली आणि परत आली.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. वाढदिवसाला अजून कितीतरी अवकाश होता.

"चेक आला?"

"आला."

"वटवलास का?"

मोठीने राखाडी डबीचं झाकण टक्‌ करून लावलं. "नाही गं."



"हा लवकर बाद होतो हं, ताई," धाकटी म्हणाली. "वर्षातून एकदा विचारून नाही भागायचं. आता दर आठवड्याला विचारावं लागणार मला."

"विचार की. पण फोनचं बिल तुझं तू भर. माझ्या नावावर मांडू नकोस."