बंद कार्डाची अकरा वर्षं

ही गोष्ट २००८ सालची. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या साधनाचा नवरा जीवन त्या वर्षी जानेवारीत गेला. मखमलाबादच्या मळ्यातले गुलाब घेऊन पहाटे मार्केटला निघाला होता, वाटेतच छातीत कळ आली.

तेराव्यानंतर सासूबाई, नवसाबाई, म्हणाल्या, "साधना, त्याच्या नावाचं जे जे आसंल ते मिटवून टाक. त्याचा जीव कशात अडकून नाय राह्यला पायजे."

साधनाने त्याचा मोबाइल बंद केला, खातं बंद केलं. पाकिटात क्रेडिट कार्ड निघालं. मूळ कार्ड साधनाच्या पगारावर मिळालेलं, जीवनचं त्याला जोडलेलं. तिने दोन्ही बंद करायला सांगितली आणि कात्रीने कापून टाकली. रडू आलं नाही. त्या दिवसांत तिला काहीच येत नव्हतं, रडू नाही की झोप नाही.

कार्ड घेतलं सत्त्याण्णव साली. कंपनीच्या गेटवर टाय लावलेला पोरगा फॉर्म घेऊन उभा असायचा. जीवन भेटेल त्याला सांगत सुटला होता, "आता मी बायकोच्या उधारीवर जगणारा माणूस!" उधारी कसली, गाडीचं पेट्रोल आणि दिवाळीचे कपडे. बिल आलं की साधना दुसऱ्या दिवशी भरून मोकळी व्हायची.

मे महिन्यात धाकट्या दिराचं, कुंदनचं, लग्न ठरलं. घरात खोल्या दोनच. जा असं कोणी म्हटलं नाही, पण साधना आणि दहावीत गेलेली निकिता यांची अंथरुणं बाहेर ओट्यावर आली. साधनाने अशोकनगरात छोटा फ्लॅट पाहिला, इसार दिला. महिन्याभरात कर्ज झालं नाही तर तो दुसऱ्याला जाणार होता.

बँकेतले रंगनाथ साहेब निवृत्तीला आलेले. त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या नावावर आधीचं काही कर्ज, कार्ड?"

"एक कार्ड आहे. फेब्रुवारीत कंपनीत सगळ्यांना दिलं."

"हे तर कालचं पोर! त्याआधीचं?"

"होतं. मिस्टर गेल्यावर त्यांचं आणि माझं, दोन्ही बंद केलं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "जुनं मोडीत आणि नवं देव्हाऱ्यात? अहो, किती वर्षं नीट फेडताय त्यावर पत ठरते. नुसतं मिस्टरांचं बंद करायचं, तुमचं कशाला केलंत?"

अकरा वर्षं तिने स्वतःच्या हाताने कापली होती. त्याचंही तिला काही वाटलं नाही. फक्त ओट्यावरच्या दिव्याखाली वही घेऊन बसलेली निकिता डोळ्यांपुढे आली.

"मुंबईहून तुमच्या कर्जफेडीचा अहवाल येऊ द्या, मग बघू," साहेब म्हणाले.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. शिफ्ट सुटल्यावर ती गेली. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "हे बघा, तुमचं कार्ड. सुरू, मार्च सत्त्याण्णव. बंद, यंदाचा फेब्रुवारी. एकही बिल उशिरा नाही. बंद झालं म्हणून लगेच पुसलं जात नाही, ताई. अजून काही वर्षं दिसेल, तोवर तुमच्या खात्यात धरतील."

"मग?"

"मग गळून जातं. तोवर हे कर्ज आणि नवं कार्ड जुनं होईल. तेवढं आता सांभाळा, कापू नका."

मार्च सत्त्याण्णव. जीवन तिला न्यायला आला होता, सही करायला पेन त्याचंच घेतलं होतं. साधनाने समोरचा गार चहा पिऊन टाकला.

कर्ज झालं. नवसाबाई फ्लॅटवर एकदाच आल्या, देव मांडून गेल्या. पुढच्याच वर्षी वारल्या. कुंदनने मळ्याचे प्लॉट पाडले. रंगनाथ साहेब निवृत्त होऊन त्र्यंबकला राहायला गेले. निकिता पुण्याला नोकरीला लागली; पहिलं कार्ड आईच्या सांगण्यावरून अजून ठेवून आहे.

कर्ज फिटत आलं तेव्हा साधनाने पुन्हा अहवाल काढला. मार्च सत्त्याण्णवची ओळ त्यात नव्हती. तिने कागद उलटून पाहिला, घडी घालून ठेवला आणि एकटीपुरता कुकर लावला.