‘प’चा ‘फ’ का झाला

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती एकवीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवत होती, म्हणून सगळे तिला कवळीताई म्हणत. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं, त्याचं श्रेय थोरल्या जावेला द्यायला हवं. जाऊबाई समुद्रापलीकडची सहल करून आल्या होत्या. फोटो बघून झाल्यावर कवळीताईने टेबलावरचं माहितीपुस्तक उचललं आणि मोठ्याने वाचलं, “आयसलंड.”

“आयलंड,” जाऊबाई हसून म्हणाल्या. “स मुका असतो त्यात.”

“मुका आहे तर लिहिलाय कशाला?”

“तुला नाही कळायचं. त्याला इंग्रजी शिकावं लागतं.”

जेवणाच्या टेबलावर सगळे हसले. नवराही हसला, आणि मग बायकोकडे बघून त्याने घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी कवळीताई कॉलेजच्या खिडकीपाशी उभी. तिथल्या कारकुनाने तिचा अर्ज उलटासुलटा केला आणि म्हणाला, “कादंबरीचा पेपर भरला, कवितेचा भरला. इंग्रजी भाषेचा इतिहास आहे. बसता?”

“जागा आहे?”

“जागाच जागा आहे.”

खरं तर त्या पेपरला चार विद्यार्थी होते आणि पाचवा मिळाला नाही तर तो बंद होणार होता. पेपर बंद म्हणजे विभागप्रमुख सरांचा तास बंद, आणि तास बंद म्हणजे ते विभागाचे प्रमुख कशाच्या जोरावर, असा प्रश्न कोणीतरी विचारला असता. त्यामुळे पहिल्या दिवशी कवळीताई दारात दिसली तेव्हा सर उठून उभे राहिले. इतका मान तिला सासरी लग्नाच्या दिवशीही मिळाला नव्हता.

सर मोठे विद्वान. नोट्स सांगायला लागले की एकदाही मान वर करत नसत. त्या नोट्स त्यांना त्यांच्या सरांनी सांगितल्या होत्या, त्या सरांना त्यांच्या सरांनी. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं हे ज्ञान डोक्याला स्पर्श न करता वहीतून वहीत जात होतं. पानांचा रंग चहाचा झाला होता आणि जिथे पान फाटलं होतं तिथे इंग्रजी भाषेची साठ वर्षं गायब होती. सर एका शतकाच्या मध्यावर थांबत, पान उलटत आणि पुढच्या शतकात उतरत. कोणाचंच काही अडत नसे.

तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, “लिहा. जुन्या भाषेतल्या ‘प’चा इंग्रजीत ‘फ’ झाला. पितृ, फादर. ‘त’चा ‘थ’ झाला. त्रि, थ्री. ‘द’चा ‘ट’ झाला. पुढे.”

“सर,” कवळीताई म्हणाली, “का झाला?”

पेनं थांबली. सरांनी वर्षानुवर्षांत प्रथमच मान वर केली.

“म्हणजे?”

“म्हणजे ‘प’ला दोन ओठ लागतात. या फादरच्या ‘फ’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकावे लागतात. माझ्याकडे कवळीवाले येतात ना, त्यांचा हाच आवाज आधी बिघडतो. मग एवढ्या सगळ्या लोकांनी ओठ सोडून दात का वापरायला घेतले? कोणी सांगितलं त्यांना?”

“परीक्षेला येत नाही,” सर म्हणाले आणि मान खाली घातली.

नोट्स पुढे गेल्या, कवळीताई मात्र तिथेच राहिली. ग्रंथालयात तिने त्या विषयाचं जाडजूड पुस्तक मागितलं. ग्रंथपालाने आधी तिच्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग मागच्या कोऱ्या चिठ्ठीकडे. ते पुस्तक आजवर कोणी नेलंच नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत ती शब्दकोश शेजारी ठेवून दोन-दोन पानं वाचायची. सुरुवातीला पानातल्या निम्म्या शब्दांवर अडखळायची. पण एका दुपारी, हातात मेणात बसवलेले दात असताना, तिला कळलं की ‘दात’ आणि ‘टूथ’ हा मुळात एकच शब्द आहे. ‘द’चा ‘ट’, ‘त’चा ‘थ’, मधला ‘न’ दोघांनीही वाटेत गिळलेला. एकवीस वर्षं ती जी वस्तू बनवत होती, तिचं नाव कुठल्या कुठे जाऊन तोंडं बदलून आलं होतं! तिने ते डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हो का? छान. तीन नंबरची कवळी झाली?”

मुक्या ‘स’चाही उलगडा झाला. जुन्या इंग्रजीत त्या शब्दात ‘स’ नव्हताच. मागाहून पंडितांना वाटलं, हा शब्द लॅटिनमधून आलेला दिसतो, तिथे ‘स’ आहे, तेव्हा इथेही हवा. शब्द लॅटिनमधला नव्हता. पण एकदा पंडितांनी घुसवलेलं अक्षर बाहेर कोण काढणार? कवळीताईने हे जाऊबाईंना फोन करून सविस्तर सांगितलं.

“बरं,” जाऊबाई म्हणाल्या. “पण म्हणायचं आयलंडच ना?”

“हो, पण…”

“मग मी काय वेगळं सांगितलं होतं?”

असो. तशात कॉलेजला पाहणी समिती येणार असल्याचं पत्र आलं. कॉलेजभर रंगाचा वास सुटला. सरांनी आपल्या तासाची रंगीत तालीम घेतली. कोणी कोणता प्रश्न विचारायचा, सरांनी कोणतं उत्तर द्यायचं, उत्तर ऐकून कोणी मान डोलवायची, सगळं ठरलं. कवळीताईच्या वाट्याला मान डोलवणं आलं.

“प्रश्न नको, बाई,” सर म्हणाले. “तुमचे प्रश्न लांबतात.”

समिती यायच्या चार दिवस आधी कवळीताईच्या टेबलावर नवं काम आलं. वरची पूर्ण कवळी, फार तातडीची. जुनी बेसिनपाशी हातातून निसटली होती आणि उचलायच्या गडबडीत तिच्यावरच पाय पडला होता. चिठ्ठीवर सरांचं नाव होतं. सर पुढच्या खोलीत तोंडावर रुमाल धरून बसले होते. पडद्यामागे आपली विद्यार्थिनी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. कवळीताईने जिभेवर आलेलं सगळं गिळलं. रोग्याचं तोंड ही रोग्याची खाजगी गोष्ट, हा तिचा धंद्याचा नियम होता आणि तो तिने नवऱ्यापाशीसुद्धा मोडला नाही. तिने जीव ओतून काम केलं. डॉक्टरीणबाईंना मात्र सांगितलं, “त्यांना म्हणावं, रोज तासभर मोठ्याने वाचा. नव्या कवळीत जीभ रुळायला वेळ लागतो.”

डॉक्टरीणबाईंनी निरोप दिला. सर म्हणाले, “मी तीस वर्षं शिकवतोय. मोठ्याने वाचायला मी काय शाळेत आहे?”

समिती आली. तिघं होते: चष्मेवाल्या अध्यक्षीणबाई, एक सारखं घड्याळ बघणारे आणि एक डोळे मिटून ऐकणारे. सरांनी नोट्स उघडल्या आणि सुरुवात केली, “फर्स्ट…”

कवळीतून शिट्टी वाजली. वर्गाने खाली बघितलं. “थर्टीन्थ…” सर म्हणाले आणि वरची कवळी सुटून खालच्या दातांवर टक्कन आपटली. डोळे मिटलेल्या सदस्याने डोळे उघडले. सरांनी तोंड घट्ट मिटलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि त्या क्षणी कवळीताईला त्यांची खरोखर दया आली. सरांनी पाचही विद्यार्थ्यांवरून नजर फिरवली आणि बोट तिच्याकडे रोखलं.

“बाई,” दात न उघडता ते पुटपुटले, “थांगतील.”

कवळीताई उठली. मान डोलवण्यापलीकडे तिची काही तयारी नव्हती. पिशवीत दवाखान्यातला प्लास्टरचा जबडा होता, पोहोचवायला घेतलेला. तिने तो टेबलावर ठेवला.

“हे बघा, ‘प’ म्हणा,” ती म्हणाली. “आता ओठाला बोट लावा आणि ‘फादर’ म्हणा. काय बदललं?”

पाच मिनिटांत तिन्ही सदस्य ओठाला बोट लावून ‘प, फ, प, फ’ करत होते. घड्याळवाल्यांनी घड्याळ बघणं सोडलं. तिने दात आणि टूथचं नातं सांगितलं, घुसखोर ‘स’ सांगितला. चाकूच्या इंग्रजी नावातला, ‘नाइफ’मधला मुका ‘क’ एके काळी चांगला खणखणीत बोलत असे, हे सांगितलं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, “पण ‘प’चा ‘फ’ झाला का?”

“माहीत नाही,” कवळीताई म्हणाली. “पुस्तकवाल्यांनाही नीट माहीत नाही. ते भांडतायत अजून. मीही वाचतेय.”

त्या खोलीत ‘माहीत नाही’ हे शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत. अध्यक्षीणबाईंनी ते लिहून घेतले.

महिन्याभराने अहवाल आला. विभागप्रमुखांनी विकसित केलेल्या नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धतीचं, तसंच विद्यार्थ्यांना बोलतं करून स्वतः मौन पाळण्याच्या त्यांच्या दुर्मिळ संयमाचं त्यात तोंड भरून कौतुक होतं. सरांचा सत्कार झाला. प्लास्टरचा एक जबडा विकत आणून काचेच्या कपाटात ठेवला गेला आणि कपाटाला कुलूप लावलं गेलं. परीक्षेत ध्वनिबदलाचा प्रश्न आला. कवळीताईने सहा पानं लिहिली. तिला शंभरात एक्केचाळीस मिळाले. ज्या मुलीने नोट्स फाटलेल्या पानासकट पाठ केल्या होत्या, तिला अठ्ठ्याहत्तर.

कवळीताईने त्या संध्याकाळी घरी जाऊन गुणपत्रिका टेबलावर ठेवली. नवऱ्याने गुणपत्रिका बघितली, घडी घातली आणि म्हणाला, “त्या दात-टूथचं परत सांग ना. मी कामावर सांगायला गेलो तर मधेच विसरलो.” तेव्हा तिला रडू आलं, आणि मग सांगता सांगता थांबलं.

पुढच्या आठवड्यात सर दवाखान्यात आले. कवळी हिरडीला टोचत होती. डॉक्टरीणबाईंनी ती काढली आणि म्हणाल्या, “मागे जा, आमच्या बाई घासून देतील.” सरांनी पडदा सारला आणि दारातच थिजले. कवळीताईने त्यांच्या हातातून कवळी घेतली.

“बसा, सर. तुमचीच आहे, मीच केलीय. घाबरू नका, कोणाला बोलले नाही.”

सर बसले. तिने घासण्याचं यंत्र चालू केलं.

“एक्केचाळीस का दिले?” तिने वर न बघता विचारलं.

“नोत्थप्रमाणे नव्हतं,” सर बोळक्या तोंडाने म्हणाले. मग त्यांनाच लाज वाटली असावी. “पण थगळं वाचलं. दोनदा.”

तिने यंत्र थांबवलं. सर खाली बघत पुढे बोलले, ते असं की यंदाही पेपरला चारच नावं आली आहेत, कवळीताई गुण सुधारायला पुन्हा बसली तर पाच होतील.

“बसते,” कवळीताई म्हणाली. “पण नोट्स आणायच्या नाहीत. मी विचारीन त्याचं उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायचं आणि दोघांनी मिळून पुस्तक बघायचं. कबूल?”

“कवळी द्या आधी, मग बोलतो.”

“हो म्हणायला दात लागत नाहीत, सर.”

सरांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या आपल्या दातांकडे, आणि अगदी स्पष्ट उच्चारात म्हणाले, “हो.”

कवळी कधीच तयार झाली होती. तरी ती आणखी दहा मिनिटं घासत बसली.