फुसाएच्या हसण्याचा फोटो

डॉक्टरांनी कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून दाखवलं. डाव्या कानाखाली गाठ होती, आणि ओठ हलवणारी नस नेमकी त्या गाठीतूनच गेली होती.

"गाठ साधी आहे, पण काढायला हवी," ते म्हणाले. "नस वाचवायचा आम्ही पूर्ण प्रयत्न करू. तरीही ओठाचा डावा कोपरा पूर्वीसारखाच उचलला जाईल, असा शब्द मी आज देऊ शकत नाही."

तोकुजी कानामोरीने तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. त्याच्या बायकोने, फुसाएने, मात्र शांतपणे चष्मा पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "मंगळवारी ना ऑपरेशन? मग खेकडे रविवारीच खाऊन घ्यायला हवेत."

तो नोव्हेंबर होता. जपानमधल्या तोत्तोरीच्या किनाऱ्यावर खेकड्यांच्या होड्या नुकत्याच समुद्रात जायला लागल्या होत्या आणि आभाळ रोज राखेच्या रंगाचं असायचं. परतीच्या बसमध्ये फुसाए म्हणाली, "अहो, माझा तो फोटो काढून ठेवा. मंगळवारच्या आत."

तो फोटो कोणता, हे तिला सांगावं लागलं नाही. माणूस गेल्यावर पांढऱ्या शेवंतीच्या फुलांत ठेवतात तो, आणि नंतर घरातल्या देव्हाऱ्याजवळ कायमचा टांगतात तो. गावातली म्हातारी माणसं धडधाकट असतानाच येऊन असा फोटो काढून घ्यायची. बंदराजवळच्या बाजारपेठेत तोकुजीच्या वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ होता. गावातून गेलेली निम्मी माणसं तोकुजीच्याच फोटोंतून आपापल्या घरी भिंतीवरून खाली बघत होती.

"एवढ्यात कशाला तो?" तोकुजी म्हणाला.

"मरायची घाई नाही हो मला. पण हसू आहे तोवर हसरा काढून ठेवा. नंतर वाकड्या तोंडाची म्हातारी बघून लोक रडायचे ते वेगळ्याच कारणाने रडतील."

तोकुजीने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्टुडिओच्या दारावर बंदची पाटी लावली आणि आपला मोठा कॅमेरा बाहेर काढला. तो काळा होता, जड होता. हातात घेतला की मनगटाला त्याचं वजन कळायचं. आतला सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा आणि समोरची काच चांगली वाटीएवढी. त्याने काढलेल्या फोटोत पापणीचे केस मोजता यायचे आणि किमोनोच्या रेशमाचा पोत बोटांना जाणवावा तसा दिसायचा. फुसाएने राखी-निळा किमोनो नेसला. दिवे कुठे हवेत हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. त्यातला एक तिने स्वतःच जरा मागे सरकवला आणि ती स्टुलावर बसली.

"हस," कॅमेऱ्यामागून तोकुजी म्हणाला.

ती हसली. म्हणजे ओठ वर गेले. डोळे होते तसेच राहिले.

त्याने परत काढला. बसण्याची बाजू बदलली, पडदा बदलला, जेवल्यानंतर आणखी काढले. कॉम्प्युटरवर बघताना त्याला एकाही फोटोत चूक सापडेना. उजेड उत्तम, गालाची गोलाई उत्तम. पण तिथे बसलेली बाई त्याची बायको नव्हती. तिचा चेहरा पुसून ठेवलेल्या फळ्यासारखा होता.

"तुझं लक्ष कुठे आहे?" तो वैतागला. "नीट हस की जरा."

"या स्टुलावर बसले की माझा चेहरा आपोआप बंद होतो," फुसाए म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय. आता मलाच रागावताय?"

"मी काय शिकवलं?"

"गिऱ्हाईक यायच्या आधी दिवे लावायला तुम्ही मला इथे बसवायचात. नवरी येणार असली तरी मी, हेडमास्तर येणार असले तरी मी. लग्न झाल्यावर पहिल्या खेपेला मी हसले होते, आठवतंय? तुम्ही म्हणालात, हसू नकोस, गालावरची सावली बदलते. तेव्हापासून नाही हसले."

तोकुजीला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्याने या स्टुलावर बसलेल्या फुसाएचे हजारो फोटो काढले होते. उजेड बघायचा आणि लगेच टाकून द्यायचा. फिल्मच्या काळात फेकायचा, नंतर पुसायचा. त्यातला एकही त्याच्याकडे नव्हता. इतकंच काय, त्यातल्या एकाही फोटोत त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. नाकाची सावली तेवढी पाहिली होती.

शनिवारी ओसाकाहून त्यांची मुलगी मिचियो आली. आईच्या ऑपरेशनसाठी तिने रजा काढली होती. बापाचं उतरलेलं तोंड बघून तिने सगळं विचारून घेतलं आणि पिशवीतून एक गोल, काळी वस्तू काढून टेबलावर ठेवली. चहापत्तीच्या बुटक्या डब्यासारखी ती दिसत होती.

"लेन्स आणलीस?" तोकुजी म्हणाला. "कॅमेरा कुठंय?"

"हाच कॅमेरा, बाबा. नवीन निघालाय. फोनला अडकवायचा, नाहीतर असा दूर ठेवायचा. तो जे बघतो ते फोनवर दिसतं."

तोकुजीने तो उलटापालटा करून पाहिला. "याला मागची बाजूच नाही! डोळा लावायचा कुठे?"

"नाहीच लावायचा."

"आणि आतला सेन्सर?"

"करंगळीच्या नखाएवढा."

"मग मोठा फोटो काढला की सावल्यांत नुसती वाळू दिसेल. खिडकीजवळ काढला तर खिडकी जळून पांढरी होईल. मागचं सगळं तितकंच स्पष्ट दिसेल, म्हणजे आईच्या डोक्यातून फ्रिज उगवल्यासारखा वाटेल."

"होईल तसं," मिचियो म्हणाली. "पण तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यातून काय उगवलं ते पाहिलं की मी आत्ताच."

रविवारी दुपारी तिघं बुटक्या टेबलाभोवती, त्यावरून सोडलेल्या गरम रजईत पाय घालून बसली. मध्ये उकडलेले खेकडे होते. खेकडा खायला बसलं की तिकडे कुणी बोलत नाही. सगळ्यांचं लक्ष नांगीतलं मांस बाहेर ओढण्यात असतं. मिचियोने चहाचा कप पालथा घालून त्यावर तो गोल कॅमेरा आईच्या दिशेला ठेवला आणि फोन बापाच्या हाती दिला.

तोकुजी फोन मांडीवर घेऊन बघत बसला. चौकट वाकडी होती. कोपऱ्यात खेकड्याचा पाय येत होता. तो हात लांबवून कॅमेरा जरा फिरवायचा, परत मांडीत बघायचा, परत फिरवायचा. त्याच्या ताटातला खेकडा गार झाला.

"अहो," फुसाए म्हणाली, "आगगाडीतली पोरं बसतात तसे काय बसलात? आजवर त्या काळ्या खोक्यामागे होतात, आता मांडीत शिरलात. तुमचं तोंड मला कधी बघायला मिळणार?"

मिचियो फिसकन हसली. तोकुजी ओशाळला. मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. फोन पालथा करून बाजूला ठेवून दिला. कॅमेऱ्याच्या अंगावरच एक बटण होतं, त्यावर अंगठा ठेवला आणि मान वर केली. चौकटीत काय आहे, काय नाही, त्याला काहीच कळणार नव्हतं. त्याला उगाच उघडं पडल्यासारखं वाटलं. समोर फुसाए होती. तिच्या हनुवटीला खेकड्याचं पाणी लागलं होतं.

गिऱ्हाइकांना हसवायला त्याच्याकडे ठरलेले विनोद होते. ते सगळे तिला पाठ होते. काय बोलावं सुचेना, म्हणून त्याने एकदम विचारलं, "तू माझ्याशी लग्न का केलंस गं?"

"आता विचारताय होय!" फुसाएने नांगी खाली ठेवली. "मध्यस्थ बाईंनी स्थळाचा फोटो दाखवला. बाकीच्या मुलांचे कसे, कोट घालून, भांग पाडून. तुमचा फोटो उघडला तर त्यात कॅमेऱ्यामागे उभा असलेला एक माणूस. नुसते पाय आणि कान! आई म्हणाली, याच्या तोंडाला काहीतरी झालेलं दिसतंय."

"मला वाटलं, धंदा काय आहे ते कळेल," तोकुजी पुटपुटला.

"मी म्हटलं, ज्याला तोंड लपवावं लागतंय तो स्वभावाने तरी गरीब असेल. आणि कान चांगले होते."

तोकुजी तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तिने स्टुडिओ बघून होकार दिला.

"दाबलंत का बटण?" फुसाएने विचारलं.

"अं? नाही. विसरलो."

त्यावर फुसाए जी हसली! डोकं मागे टाकून, डोळे मिटून, हनुवटी पुसायला गेलेला हात हवेतच राहिला. आणि हसत हसतच तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्याच्या अंगठ्याला आपलं काम आठवलं.

सोमवारी सकाळी त्याने दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो एकाच मापात छापले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. सवयीप्रमाणे भिंग घेऊन बघायला लागला. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोत किमोनोचा धागा न् धागा दिसत होता, मागचा पडदा धुक्यासारखा मऊ उतरला होता. छोट्याच्या फोटोत केसांच्या सावलीत खरोखरच वाळू होती. खिडकी जळाली होती. टेबल डावीकडे कललं होतं, आणि फ्रिज तर अख्खा होता. फुसाए येऊन उभी राहिली तेव्हा त्याने हे सगळं तिला एकेक करून दाखवलं. लपवालपवी करणं त्याच्या जिवावर आलं.

तिने मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो आधी उचलला. "सुंदर आहे हो. ही बाई कोण आहे?"

मग दुसरा उचलला आणि उजेडात नेऊन धरला.

"मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस," तोकुजी म्हणाला. "मलाही काल कळलं. फ्रिज काढून टाकतो मी. तो खेकड्याचा पायही पुसता येईल."

"फ्रिज काढा. पाय राहू दे. येणाऱ्यांना कळेल, बाई खाऊनपिऊन गेली."

मंगळवारी ऑपरेशन झालं. नस वाचली होती, पण दुखावली होती. काही दिवसांनी पट्टी निघाली. डॉक्टर समोर बसून म्हणाले, "भुवया वर करा बरं. छान. आता ‘ई’ म्हणा." फुसाएने म्हटलं. ओठाचा उजवा कोपरा वर गेला, डावा तिथेच राहिला. काही महिने लागतील, डॉक्टर म्हणाले, आणि तरीही थोडी कसर राहू शकते. मग ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

खोलीत दोघंच उरली. फुसाएने आरसा मागितला नाही. ती नवऱ्याकडे वळली आणि एक हात गालावर ठेवून म्हणाली, "तुम्हीच सांगा. कसं दिसतंय?"

तोकुजीने खुर्ची ओढून अगदी जवळ घेतली. "हात काढ आधी. हं. आता हस."

ती हसली. डोळे आधी हसले, मग उजवा गाल. त्याने घाई केली नाही. तिच्या डाव्या ओठाचा कोपरा जरासा थरथरला. वर गेला नाही, पण थरथरला.

"काय?" ती म्हणाली.

"येतंय," तोकुजी म्हणाला. "डावीकडून जरा सावकाश येतंय. तू हसत राहा, मी बघतोय."