वणावर लोकर उगवत नाही

घोडनदीचा बाजार त्या दिवशी ओस पडला होता. कांदा, मिरच्या, मेंढरं जागच्या जागी सोडून माणसं नदीकाठच्या मांडवात घुसली होती, कारण तिथे रूपनाथ महाराज चेहऱ्यावरचे देवीचे वण पुसत होते, पाटीवरची अक्षरं पुसावीत तसे.

पुढच्याच रांगेत न्हावऱ्याचा हरिबा बसला होता. शेजारी त्याची सोळा वर्षांची सिंधू, पदर नाकापर्यंत ओढून. सहा वर्षांपूर्वी तिला देवी आल्या. जीव वाचला, पण चेहऱ्याची चाळण झाली. केंदूरच्या मंडळींनी मुलगी पाहिली, चहा घेतला आणि निरोप धाडला, की चेहरा नीट झाला तर पुढचं बोलू. तेव्हापासून हरिबाला दुसरं काही सुचत नव्हतं.

महाराजांनी एका बाईला पुढे घेतलं. गालावर खोल खड्डे. मागच्या जन्मी हिचा देवीच्या परडीला पाय लागला, असं त्यांनी डोळे मिटून सांगितलं. गेल्या जन्मांचं दप्तर त्यांच्याकडे तलाठ्यापेक्षा चोख असावं. मग त्यांनी कुपीतलं तीर्थ फडक्यावर ओतलं. उग्र, गारेगार वास सुटला. दोनदा फडकं फिरलं आणि बाईचा गाल लख्ख झाला. मांडवातल्या बायका रडू लागल्या.

हरिबा हातभर अंतरावर होता आणि बाईच्या खड्ड्यांत त्याला बारीक लव दिसली होती. त्याचा निम्मा जन्म मेंढरांमागे गेला होता. मेंढराला देवी येऊन गेल्या, की त्या वणावर पुन्हा लोकर उगवत नाही, हे तो झोपेतही सांगू शकला असता. बाजारात अंगावरून बोटं फिरवल्याशिवाय त्याने कधी मेंढरू घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी त्याने मान खाली घातली. दिसलं ते खरं मानलं असतं, तर लेकीला तसंच घरी न्यावं लागलं असतं.

सिंधूला मात्र तीर्थ मिळालं नाही. हिचं पाप जुनं आहे, असं म्हणून महाराजांनी काळा लेप दिला. आग होईल ती पापाची, सात दिवस पाणी लावायचं नाही.

लेप बिब्ब्याचा होता. काजळीत आणि तुपात घोटलेला, म्हणून कुणाला ओळखू आला नाही. चौथ्या दिवशी सिंधूचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, फोड फुटले, डोळे उघडेनात. हरिबा अजून तीन दिवस मोजत होता. त्याची बायको सगुणाबाई उठली. "पाप जळायचं तवा जळंल, पोर जळतीया," एवढंच म्हणाली आणि लेकीला घेऊन शिरूरच्या एस.टी.त बसली. हरिबा मागोमाग गेला.

दवाखान्यातल्या नर्स राहेलबाईंनी तीन आठवडे जखमा धुतल्या. डोळे वाचले. डाव्या गालावर देवीच्या वणांवर आता भाजल्याचा वण चढला होता.

एकदा पट्टी बदलताना बाईंनी एक बाटली उघडली आणि हरिबा दचकला. "बाई, म्हाराजाच्या तीर्थाला ह्योच वास व्हता. त्यानं पुसलं आन् एका बाईचे खड्डे गेले."

बाई थांबल्या. मग त्यांनी दुसऱ्या बाटलीतला चिकट थेंब त्याच्या मनगटावर लावला. थेंब वाळला, तशी कातडी आवळली आणि तिथे खड्डा पडला, अगदी देवीचा वाटावा असा. पहिल्या बाटलीतलं औषध कापसावर घेऊन त्यांनी तो पुसला. खड्डा गेला.

"हे कोलोडियन, जखम बंद करायला लावतो. आणि पुसलं ते ईथर. त्या बाईला देवी कधी आल्याच नव्हत्या, आबा."

"मला लव दिसली व्हती," हरिबा म्हणाला. "मेंढरू असतं तर म्या फसलो नसतो."

खऱ्या वणांचं काय, असं त्याने विचारलं. मोठ्या इस्पितळात कातडी घासून ते थोडे बुजवता येतात, पुरते जात नाहीत, असं बाईंनी सरळ सांगितलं. आणि भाजल्या गालावर तेही आता करता येईल का, याची शंकाच होती.

पुढच्या बाजाराला राहेलबाई मांडवात उभ्या राहिल्या. स्वतःच्या गालावर चार खड्डे पाडले आणि सर्वांसमक्ष पुसले. महाराज आणि ती खोट्या खड्ड्यांची बाई मागच्या बाजूने पसार झाली. राहेलबाई बाटल्या दाखवून समजावत असतानाच कुशाबाई नावाची म्हातारी पुढे आली आणि त्यांच्या पाया पडली. "तुमच्या बी हातात देवी हाय." मागे रांग लागली. हे औषध आहे, चमत्कार नव्हे, असं बाई सांगत राहिल्या; रांग हलली नाही. महिनाभरात दौंडला महाराजांचा मांडव पुन्हा उभा राहिल्याची खबर आली.

केंदूरचा निरोप पुन्हा आला नाही.

त्या हिवाळ्यात देवीची लस टोचणारा न्हावऱ्यात आला. सात वर्षांपूर्वी तो आला होता, तेव्हा देवी कोपेल म्हणून हरिबानेच सिंधूला मेंढरांच्या वाड्यात लपवलं होतं. आता तो टोचणाऱ्याच्या पुढे दारोदार चालत होता. "मेंढरू घेताना दात बघता, अंग चाचपता," तो प्रत्येकाला सांगायचा. "म्हाराजाला बी तसंच चाचपून बघा. दिसंल ते खरं माना, मनाला पायजेल ते नगं."

काही दारं उघडली, काही आतून लागली. बंद दारापाशी सिंधू पुढे व्हायची आणि डोक्यावरचा पदर मागे घ्यायची.

"दार उघडा," ती म्हणायची. "माझ्याकडं एकदा नीट बघा, आन् मग न्हाई म्हणा."